अर्ध्या युनिटचा हिशेब

दोन जण घेऊ. एक सत्तर किलो वजनाचा प्रौढ, दिवसाला ४५ युनिट इन्सुलिन घेणारा. दुसरं दोन वर्षांचं, अकरा किलोचं मूल, दिवसाला ८ युनिट घेणारं. दोघांनाही टाइप १ मधुमेह आहे आणि दोघांचीही शुगर आत्ता २०० आहे (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे सगळे आकडेही याच मापात). समजा, दोघांना एकेक युनिट इन्सुलिन टोचलं. काय होईल?

डॉक्टर सुरुवातीला एक ढोबळ सूत्र वापरतात. १८०० या आकड्याला दिवसभराच्या एकूण युनिटांनी भागायचं. जे उत्तर येतं, साधारण तेवढी शुगर एका युनिटने उतरते. प्रौढाचं उत्तर ४०. त्याची शुगर २०० वरून १६० वर येईल, आणि त्याला काही जाणवणारही नाही. मुलाचं उत्तर २२५. दोनशेतून दोनशे पंचवीस गेले, खाली उणे पंचवीस. खरी शुगर अर्थातच उणे होत नाही. त्याच्या फार आधी मूल घामाने थबथबतं, त्याला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते.

आजार एकच, औषधही एकच. पण लहान मुलाच्या मधुमेहात जे जे अवघड आहे, ते बहुतेक सगळं या भागाकारातून निघतं. मोठ्यांच्या बाबतीत जी चूक पोटात घालता येते, ती अकरा किलोच्या शरीरात मावत नाही.

मुळात झालंय काय

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींची छोटी बेटं विखुरलेली असतात, आणि त्या बेटांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा या बीटा पेशींना शत्रू समजून मारत सुटते. हे काम महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. पुरेशा पेशी उरल्या नाहीत की मग लक्षणं दिसतात, आणि घरच्यांना वाटतं की सगळं आठवड्याभरात घडलं.

गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही. गरोदरपणात आईने काय खाल्लं यावर त्याचा ठपका ठेवता येत नाही. वाढत्या वजनाशी ज्याचा बऱ्याचदा संबंध असतो तो मधुमेह टाइप २, त्याची गोष्ट वेगळी. हे तीनदा सांगावं लागतं, कारण निदान झालेल्या दिवसापासून आईबाप मनातल्या मनात जुने दिवस उकरत बसतात.

इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती आत घेता येत नाही. मूत्रपिंड जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, तिच्याबरोबर पाणी जातं, म्हणून तहान लागते. पेशी उपाशी, म्हणून शरीर चरबी जाळायला घेतं. त्या जळण्यातून कीटोन तयार होतात आणि ते साचले की रक्त आम्लधर्मी होत जातं. यालाच कीटोअॅसिडोसिस म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ‘डीकेए’. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी. हे तातडीने रुग्णालय गाठायचं लक्षण आहे.

बोलता न येणारं मूल ‘तहान लागलीय’ असं सांगत नाही. त्याचं डायपर जड होतं, पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. रात्री कोरडं राहायला शिकलेलं मूल परत अंथरूण ओलं करायला लागतं. खाऊनपिऊन वजन उतरतं. आणि उलट्या-श्वासाची पाळी आली की ते पोटाचा बिघाड किंवा छातीचा संसर्ग वाटतं, म्हणून औषध भलत्याचंच सुरू होतं. बोटातल्या रक्ताच्या एका थेंबाची तपासणी काही सेकंदांत होते. जास्त लघवी, जास्त तहान आणि घटणारं वजन एकत्र दिसलं तर ती तपासणी त्याच दिवशी करावी, उद्यावर टाकू नये.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, त्याला अॅलर्जी आली. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि शुगर खाली आली. त्याआधी हे निदान म्हणजे काही महिन्यांची, फार तर थोड्या वर्षांची मुदत असायची. आज ज्याला आपण रोजची कटकट म्हणतो, ती तेव्हा कुणाच्या नशिबातच नव्हती.

दोन प्रकारचं इन्सुलिन

निरोगी स्वादुपिंड दोन कामं करतं. दिवसरात्र थेंबथेंब इन्सुलिन सोडत राहतं आणि खाल्लं की भसकन जास्तीचं सोडतं. बाहेरून देतानाही याची नक्कल करायची असते. दिवसातून एकदा किंवा दोनदा दिलेलं लांब पल्ल्याचं ‘बेसल’ इन्सुलिन पहिलं काम करतं. प्रत्येक खाण्याच्या वेळी दिलेलं झटपट इन्सुलिन, म्हणजे ‘बोलस’, दुसरं. झटपट इन्सुलिनचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतो, एक ते दोन तासांत शिगेला पोचतो आणि तीन ते पाच तासांनी विरतो.

या शेवटच्या आकड्यात एक सापळा आहे. शुगर ३०० दिसते, इन्सुलिन देतो. तासाभराने अजून २८० असते, धीर सुटतो, पुन्हा देतो. पहिल्याचं निम्म्याहून अधिक काम बाकी असतानाच दुसरं येऊन बसतं आणि दोन्ही मिळून तिसऱ्या तासाला मुलाला खाली ओढतात. शरीरात आधीचं किती इन्सुलिन शिल्लक आहे हे मोजल्याशिवाय वरचा डोस द्यायचा नाही. ही शिस्त पाळायला सगळ्यात अवघड, कारण त्या वेळी काहीच न करणं हेच करायचं असतं.

आता सिरिंजबद्दल, कारण इथली चूक जीवघेणी असते. इन्सुलिन जगभर बहुतेक ठिकाणी एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट या ताकदीचं मिळतं, पण काही देशांत ४० युनिटांच्या कुप्याही असतात. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. १०० च्या कुपीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर खुणेपेक्षा अडीचपट डोस जातो. उलट केलं तर निम्म्याहून कमी. नवी कुपी किंवा नवा सिरिंजचा डबा उघडला की दोन्हींवरचा आकडा जुळवून बघायचा, दर वेळी.

लहान मुलांसाठी अर्ध्या युनिटच्या टप्प्याने डोस देणारे पेन असतात. एक युनिटवाला पेन या वयात म्हणजे किलोची वजनं घेऊन सोनं तोलणं. त्याहून बारीक डोस लागला तर पंप, म्हणजे त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडत राहणारं छोटं यंत्र, उपयोगी पडतो. तो तासाला ०.०५ युनिट किंवा त्याहूनही कमी देऊ शकतो. काही तान्ह्या बाळांसाठी पातळ केलेलं इन्सुलिन वापरतात, पण ते रुग्णालयाच्या देखरेखीखाली तयार होतं. घरी हे करायला जाऊ नये.

ताटासमोरचा पेच

मोठा माणूस ठरवतो की इतकं खाणार, तेवढं इन्सुलिन घेतो आणि खातो. दोन वर्षांचं मूल दोन घास खातं आणि तोंड घट्ट मिटतं. इन्सुलिन मात्र आत गेलेलं असतं.

शरीराच्या दृष्टीने इन्सुलिन खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं देणं चांगलं, कारण अन्नातली साखर इन्सुलिनपेक्षा लवकर रक्तात उतरते. म्हणून ‘आधी खाऊ दे, मग बघू’ ही कायमची सवय करू नये. रोज प्रत्येक जेवणानंतर शुगर उंच उडते. पण ज्या मुलाचा भरवसा नाही त्याच्यासाठी मधला मार्ग आहे. ते नक्की खाईल एवढ्या अन्नापुरतं इन्सुलिन आधी, आणि पुढे प्रत्यक्षात खाल्लं त्याप्रमाणे उरलेलं लगेच नंतर. टोचणी एक वाढते, पण ताटावरचं भांडण टळतं. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. ‘इन्सुलिन दिलंय, आता खायलाच हवं’ असं रोज ऐकणारं मूल एक गोष्ट फार लवकर शिकतं. आपण तोंड उघडलं नाही की घरातल्या मोठ्यांची धांदल उडते. मग घास हे त्याच्या हातातलं हत्यार होतं.

किती खाल्लं हे कर्बोदकांच्या ग्रॅममध्ये मोजतात. समजा आपल्या अकरा किलोच्या मुलाला ३० ग्रॅमला एक युनिट लागतं आणि त्याने २० ग्रॅम खाल्ले. उत्तर येतं ०.६७ युनिट. पेन म्हणतो, अर्धा घ्या नाहीतर एक. अर्धा दिला तर ०.१७ युनिट कमी पडलं. २२५ च्या हिशेबाने शुगर सुमारे ४० ने वर राहील. एक दिला तर ०.३३ युनिट जास्त. शुगर ७५ ने खाली जाईल. दोन्ही चुकाच, पण एक दुसरीच्या दुप्पट आणि धोक्याच्या बाजूची. म्हणून झोपण्यापूर्वी आणि धावपळीच्या खेळाआधी कमी डोसच्या, म्हणजे इथे अर्ध्या युनिटच्या, बाजूला वळवायचं. तिसरा पर्यायही आहे, तो लोक विसरतात: डोस तसाच ठेवून खाणं पाच ग्रॅमने कमीजास्त करायचं. इथले आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या मुलाचे डॉक्टर ठरवतील आणि ते सकाळ-संध्याकाळीही वेगळे असतील. न्याहारीला बहुधा सर्वांत जास्त इन्सुलिन लागतं.

मधुमेहाचं वेगळं जेवण नसतं. घरात जे सगळे खातात, तेच. फक्त दिवसभर काहीतरी चघळत राहणं टाळावं, कारण मग शुगर कशामुळे वाढली आणि कशामुळे उतरली याचा पत्ताच लागत नाही.

शुगर लो होते तेव्हा

७० च्या खाली गेली की हालचाल करायची. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. मोठ्यांना हात थरथरताहेत, भूक लागलीय, काहीतरी बिनसतंय हे कळतं. लहानाला कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. ते पांढरंफटक पडतं, घामेजतं, भलत्या वेळी पेंगतं, किंवा नुसतंच भोकाड पसरतं. शेवटचं लक्षण फार फसवं. दोन वर्षांचं मूल मधुमेहाशिवायही दिवसातून चारदा थयथयाट करतं. त्यामुळे नियम साधा ठेवावा: हट्ट वाटला तरी आधी शुगर बघायची, रागवायचं ते नंतर.

किती साखर द्यायची? मोठ्यांना १५ ग्रॅम सांगतात आणि तोच आकडा सगळीकडे छापलेला असतो. मुलांसाठी मात्र किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम ग्लुकोज पुरतं. अकरा किलोला तीन-साडेतीन ग्रॅम. छोटा सपाट चमचाभर साखर म्हणजे साधारण चार ग्रॅम, अंदाज त्यावरून यावा. ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून, नाहीतर थोडा फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. घाबरून ग्लासभर रस पाजला की तासाभराने शुगर ३०० आणि मग तिच्या मागे धावणं. चॉकलेट या कामाचं नाही. त्यातली चरबी साखरेला अडवून धरते.

मूल गिळण्याच्या स्थितीत नसेल, झटके येत असतील, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन द्यायचं आणि तातडीची मदत बोलवायची. ग्लुकागॉन यकृतातली साठवलेली साखर रक्तात आणतं. इंजेक्शनचा नेहमीचा डोस २५ किलोखालच्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, त्यावर एक. ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने शांत वेळी शिकून ठेवायला हवं. त्या क्षणी डबीवरच्या सूचना वाचायला डोळे स्थिर राहत नाहीत.

रात्र

आईबापांना विचारा, ते जेवणाबद्दल कमी आणि रात्रीबद्दल जास्त बोलतील. दिवसा खूप धावलेल्या मुलाचे स्नायू पुढचे कितीतरी तास साखर ओढत राहतात, म्हणून संध्याकाळच्या खेळाची लो पहाटे येऊ शकते. उलट, शाळेत न जाणाऱ्या वयातल्या मुलांना रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान जास्त इन्सुलिन लागताना दिसतं, म्हणून झोपल्यावर शुगर चढते आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो.

त्वचेखालचा सेन्सर दर काही मिनिटांनी शुगरचा आकडा आणि ती चढतेय की उतरतेय हे सांगणारा बाण दाखवतो, आणि ज्यांना तो परवडतो, मिळतो, त्यांच्या झोपेत त्याने खरोखर फरक पडतो. दोन गोष्टी मात्र माहीत हव्यात. सेन्सर रक्तातली नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. आणि मूल सेन्सरवर दाबून झोपलं तर आकडा खोटाच खाली दिसतो. मध्यरात्री अलार्म वाजला, मूल शांत, अंग कोरडं, तर त्याला कूस बदलून द्या आणि बोटातून एकदा तपासा. सेन्सरशी जोडलेले पंप आता स्वतःच इन्सुलिन कमीजास्त करतात. पण पंपात फक्त झटपट इन्सुलिन असतं. नळी दुमडली किंवा सुटली की काही तासांत शरीरात इन्सुलिन उरत नाही आणि कीटोन वाढू लागतात. कारण नसताना शुगर चढत राहिली की आधी नळी बघायची.

आजारपण

ताप, उलट्या, मूल काही खात नाही. खात नाही तर इन्सुलिन कशाला, असं कुणाही समजूतदार माणसाला वाटेल. ते चूक आहे. आजारात शरीर स्वतःच साखर सोडतं आणि इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. डोस कमी करावा लागू शकतो, विशेषतः लहान मुलांना जुलाब-उलट्यांत शुगर उतरते तेव्हा, पण बेसल इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर ते हे राहावं.

अशा दिवशी शुगरबरोबर कीटोनही तपासायचे. रक्तात ०.६ मिलिमोल प्रति लिटरपेक्षा कमी असतील तर ठीक. दीडच्या वर गेले तर डॉक्टरांशी लगेच बोलायचं. तीन किंवा त्याहून जास्त म्हणजे रुग्णालय. आणि उलट्या थांबत नसतील तर आकड्याची वाट न बघता निघायचं.

आकडा म्हणजे गुण नव्हेत

सध्याचं सर्वसाधारण लक्ष्य असं: दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ शुगर ७० ते १८० मध्ये, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी बहुतेक मुलांसाठी ७ टक्क्यांच्या आत. म्हणजे उत्तम चाललेल्या दिवसातही सात तास शुगर पट्ट्याबाहेर असू शकते. हे ऐकून काही आईबाप निराश होतात. मला वाटतं त्यांनी सुटकेचा श्वास सोडावा. अर्ध्या युनिटच्या सुईने सरळ रेघ काढता येत नाही.

भाषा मात्र सांभाळावी. ‘शुगर वाईट आलीय’, ‘आज काय खाल्लंस तू?’ हे वाक्य तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. जास्त, कमी, मधली हे शब्द पुरेसे आहेत. सुईचंही तसंच. ‘दुखणार नाही’ म्हणू नये, कारण दुखतं, आणि मग पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही. ‘ऐकलं नाहीस तर टोचीन’ ही धमकी तर या घरात कायमची बाद. डावी मांडी की उजवी, एवढी निवड मुलाला द्यावी. टोचायचं की नाही, ही देऊ नये. जागा बदलत राहिली नाही तर कातडीखाली मऊ गाठी येतात. तिथे दुखत कमी असल्याने मूल तीच जागा मागतं, पण तिथलं इन्सुलिन वाटेल तसं शोषलं जातं.

निदानानंतर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांत एक विचित्र गोष्ट घडते. इन्सुलिनची गरज अचानक घटते. उरलेल्या बीटा पेशींना जरा उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. डॉक्टर याला हनिमून काळ म्हणतात. तो काही महिने टिकतो, लहान मुलांत बहुधा कमीच. याच सुमारास कुणीतरी सुचवलेला काढा किंवा चूर्ण चालू असेल तर सगळं श्रेय त्याला जातं. ‘बघा, डोस उतरला!’ आणि पुढची पायरी म्हणजे इन्सुलिन बंद. अशाने मुलं दगावली आहेत. उतरलेला डोस हा आजाराच्या ठरलेल्या वाटेवरचा टप्पा असतो, कुणाच्या औषधाचा गुण नसतो.

मूल वाढतं तसे सगळे आकडे शिळे होतात. सहा महिन्यांपूर्वीचं प्रमाण आज चालेलच असं नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी भेट. त्यात वजन-उंचीही बघतात, आणि अधूनमधून थायरॉइडची आणि गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजाराची तपासणी करतात, कारण हे दोन्ही टाइप १ च्या जोडीने येऊ शकतात. चार-पाच वर्षांचं मूल कोणत्या बोटाला टोचायचं ते सांगतं, पट्टी यंत्रात खुपसतं, आकडा मोठ्याने वाचतं. एक दिवस खेळता खेळता थांबून ‘मला कसंतरी होतंय’ म्हणतं, आणि मोजल्यावर खरोखर ६२ निघतात. तेव्हा कौतुक जरूर करावं. डोस ठरवायचं काम मात्र अजून बरीच वर्षं मोठ्यांकडेच राहतं.